हँग होणारा कॉम्प्युटर आणि जर्नलची वही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं की प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राबद्दल वीस मिनिटं बोलायचं आहे. डॉक्टर मंडळींनी साखर आणि रक्तदाब, बँकेतल्यांनी ऑनलाइन फसवणूक, आणि मी ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचं भविष्य’. मी म्हटलं, भविष्यावर कोणीही वीस मिनिटं बोलू शकतं, त्याला इंजिनिअर कशाला हवी? मी वर्तमानातल्या एका साध्या गोष्टीवर बोलते, जी इथल्या निम्म्या घरांत कधी ना कधी घडली असेल. घरचा कॉम्प्युटर हँग होणे. त्यातही जुना, थकलेला कॉम्प्युटर नाही. नवा कोरा, आठ दिवसांपूर्वी असेंबल केलेला, आणि तरी हँग होणारा.

विषय छोटा वाटेल. पण गेली वीस-बावीस वर्षं माझं काम म्हणजे मुख्यतः हेच आहे. जे चालायला हवं ते का चालत नाही, हे शोधणं. आणि त्या कामाचं सगळं सार मला अशा एका कॉम्प्युटरच्या गोष्टीत नीट सांगता येतं.

माझी धाकटी बहीण मिरजेला असते. तिचा मुलगा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दोन फोटो स्टुडिओ त्याला शूटिंग आणून देतात, हा कापून, जोडून, गाणी टाकून परत देतो. जुन्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ तयार व्हायला रात्र जायची. म्हणून या जानेवारीत त्याने कॉम्प्युटर असेंबल केला. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम आणि एसएसडी ऑनलाइन, कॅबिनेट, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड तिसरीकडून. सगळं मिळून पाऊण लाखाच्या वर गेलं. त्यातले निम्मे पैसे बहिणीच्या भिशीचे होते आणि थोडे स्टुडिओवाल्यांनी दिलेल्या ॲडव्हान्सचे. जोडणी त्याने स्वतः केली, व्हिडिओ बघून, दोन दिवस लावून, व्यवस्थित.

मशीन सुरू झालं, विंडोज पडली, घरात पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी ते हँग झालं. मग रोज. कधी वीस मिनिटांत, कधी चार तासांनी. चित्र जिथल्या तिथे थिजायचं, माऊस हलायचा नाही, चालू गाणं एकाच सुरावर अडकून घरघरत राहायचं. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करण्याशिवाय इलाज नाही. सहा तास चाललेला व्हिडिओ पाचव्या तासाला वाया.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. बोर्डवाला म्हणाला, रॅम बाहेरून घेतलीय ना, तीच खराब असणार. ऑनलाइनवाल्यांचं म्हणणं, रॅम ठीक आहे, बोर्डशी जुळत नसेल. तिसरा म्हणाला, फॉरमॅट मारा. आणि घरी माझे मेहुणे म्हणाले, "ब्रँडेड घेतला असता तर हे झालं नसतं. यानेच जोडताना काहीतरी बिघडवलंय." त्या वाक्यानंतर तो पोरगा जेवायला बाहेर येईना. लग्नसराई तोंडावर, दोन जोडप्यांचे व्हिडिओ अडकलेले, आणि घरात एकच प्रश्न घुमत होता: दोष कोणाचा?

मला फोन आला तोपर्यंत त्याने तीन वेळा फॉरमॅट मारला होता. मी त्याला म्हटलं, दोष कोणाचा ते नंतर बघू. आधी दोष कुठे आहे ते शोधू. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिला आधी विचारला की दुसऱ्याचं उत्तर कधीच मिळत नाही, कारण प्रत्येकजण स्वतःला सोडवण्यात गुंततो.

पहिलं काम म्हणजे नीट विचारणं. ‘हँग होतो’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होतो, त्यालाही हँग म्हणतो. निळा पडदा येतो, त्यालाही हँगच म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन ‘पोटात कसंतरी होतंय’ सांगण्यासारखं आहे हे. मशीन एका क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर संशय आधी विजेवर जातो: एसएमपीएस, घरचं वायरिंग, किंवा इन्व्हर्टर. आपल्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. काही स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही नव्या एसएमपीएसना ते मानवत नाही. माऊस हलतोय, पण काहीही उघडत नाही, असं असेल तर एसएसडी बघावी. पडदा काळा झाला, पण आवाज चालू आहे, तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर.

आणि सगळंच थिजलं असेल तर एक सोपी परीक्षा आहे, तुम्हीही करून बघा. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला, तर आत कोणीतरी अजून जागं आहे. प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर अडकला असेल. दिवा ढिम्म राहिला, तर ऑपरेटिंग सिस्टिमच थांबली आहे, आणि नव्या मशीनमध्ये, ताजी विंडोज टाकल्यावरही तसं होत असेल, तर हार्डवेअरकडे बघायला लागावं. भाच्याला म्हटलं, पुढच्या वेळी हँग झालं की हे करून सांग. रात्री अकराला मेसेज आला: "मावशी, दिवा ढिम्म."

दुसरी गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर स्वतः काय सांगतो त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. भाच्याने ती उघडली आणि त्यात लाल खुणेने लिहिलेलं सापडलं: कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. ‘पॉवर’ हा शब्द वाचला आणि तो नवीन एसएमपीएस घ्यायला निघाला. त्याला थांबवलं. त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. आपणच बटण दाबून बंद केलं, तरी हीच नोंद पडते. दार उघडं दिसलं म्हणजे घर उघडं होतं एवढंच कळतं, चोर कोण ते कळत नाही.

असा चुकीच्या जागी बोट दाखवणारा संदेश किती महागात पडतो, याचं उदाहरण जगाने अलीकडेच बघितलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम मध्येच कोसळायचे. पडद्यावर बऱ्याचदा संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, गेम बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या. शेवटी जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते, ते त्या दुरुस्तीने बरे होणार नव्हते. म्हणजे दुखत होतं एकीकडे आणि बिघाड होता दुसरीकडे. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हृदयविकार निघू शकतो, हे इथले डॉक्टर मला तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगतील.

तिसरी गोष्ट, आणि ही आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट. मी भाच्याला एक दोनशे पानी वही आणायला सांगितली.

आपल्या विज्ञानाच्या जर्नलची रचना आठवते? उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. उजव्या बाजूला रेघांचं पान, डाव्या बाजूला कोरं, पेन्सिलीने काढलेली आकृती. सर एकाच गोष्टीसाठी वही परत करायचे. निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिलं असेल तर. ‘लिटमस निळा झाला’ हे निरीक्षण. ‘द्रावण अल्कधर्मी आहे’ हे अनुमान. कित्येक जर्नलांमध्ये अनुमान आधीच ठाऊक असायचं आणि निरीक्षण त्याला जुळवून घेतलेलं असायचं, ते सरांना लांबून कळायचं! आज ज्या टीमबरोबर मी काम करते तिथे मोठमोठ्या कॉलेजांतून आलेली मुलं आहेत. त्यातही ‘सर्व्हर ओव्हरलोड झाला’ हे अनुमान आहे आणि ‘दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर यायला आठ सेकंद लागले’ हे निरीक्षण आहे, हा फरक वारंवार सांगावा लागतो. आपल्याला तो आठवीत शिकवला होता.

तर वहीत रकाने आखले: तारीख, मशीन किती वाजता सुरू केलं, किती वाजता थिजलं, तेव्हा काय चालू होतं, प्रोसेसर किती गरम होता, आणि या वेळी मागच्यापेक्षा कोणती एक गोष्ट बदलली होती. ‘एक’ या शब्दाखाली दोन रेघा.

कारण त्याआधी त्याने काय केलं होतं? एका रविवारी ड्रायव्हर बदलला, बायोस अपडेट केलं, रॅम काढून घातली, पंख्याचा वेग वाढवला आणि दुसऱ्या बोर्डात प्लग लावला. दोन दिवस मशीन सुरळीत चाललं. घरात आनंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा थिजलं. आता पाचपैकी कशाने दोन दिवस बरं वाटलं? कशानेच नाही, का कशाने तरी? काही सांगता येत नाही. येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाचा हाच त्रास आहे. औषध न घेताही त्याला अधूनमधून बरं वाटतं, आणि आपण त्या दिवशी जे केलं असेल त्याला श्रेय देऊन बसतो.

मग सुरुवात केली बिनपैशाच्या तपासण्यांपासून. प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाशी एक पातळ प्लॅस्टिक असतं, ते काढायचं राहिलेलं नाही ना? नव्हतं. प्रोसेसरची वीज देणारी वेगळी केबल असते, ती पूर्ण आत बसली आहे ना? होती. तापमान? काम चालू असताना ८२ अंश. आजकालच्या प्रोसेसरला हे चालतं. फार तापला तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होतं. शिवाय वहीत दिसत होतं की दोनदा मशीन नुसतं उघडं ठेवलेलं असताना, काहीच काम नसताना, ५० अंशांच्या आतच थिजलं होतं. म्हणजे उष्णतेवरचा संशय मागे पडला, आणि तो वहीमुळे पडला. नाहीतर दोन-तीन हजारांचा पंखा आलाच असता.

एक गोष्ट मात्र सापडली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. खोलीतल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियन बोलावून ते आधी करून घेतलं. हँग होणं त्याने थांबलं नाही, पण ते करायलाच हवं होतं. तुमच्याही घरी पत्र्याच्या कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील, तर आज घरी जाऊन तेवढं बघा. माझं बाकीचं भाषण विसरलात तरी चालेल.

त्यानंतर रॅम. रॅमच्या पाकिटावर ६००० असा वेग छापलेला होता. बहुतेकांना वाटतं, हा तिचा साधा वेग. तो तसा नसतो. ती रॅम मूळ प्रमाणानुसार ४८०० वर चालते. ६००० हा वाढवलेला वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय चालू केल्यावर मिळतो. रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर तिघांनाही तो झेपावा लागतो. म्हणून नवा असेंबल केलेला कॉम्प्युटर थिजत असेल तर सगळ्यात आधी हा वाढीव वेग बंद करून बघावा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

आम्ही तो बंद केला. आधीच्या नऊ दिवसांत वहीत अकरा वेळा थिजल्याची नोंद होती, सरासरी दर सव्वादोन तासांनी एकदा. वेग कमी केल्यावर थिजणं थांबलं नाही, पण ते सरासरी सहा तासांवर गेलं. भाचा निराश झाला. मी मात्र खूष झाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपण एक गोष्ट बदलली होती आणि समोरून एक उत्तर आलं होतं. बिघाड रॅमच्या वाटेवर कुठेतरी असण्याची शक्यता आता बरीच वाढली.

रॅममधला बिघाड म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगते. ३२ जीबी रॅममध्ये सुमारे साडेसत्तावीस हजार कोटी बिट असतात, म्हणजे तेवढ्या जागी एक किंवा शून्य लिहिलेला असतो. त्यातला एक जरी वाचताना उलटा वाचला गेला, तरी काय होईल सांगता येत नाही. चित्रातला एक ठिपका वेगळ्या रंगाचा होईल आणि कोणाला कळणारही नाही. किंवा प्रोसेसरला पुढची सूचना कुठे आहे त्याचा पत्ताच चुकेल आणि सगळं थिजेल. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक या भागात एका उमेदवाराला यंत्रावर ४०९६ मतं जास्त मिळाली. शक्य होतं त्याहून जास्त मतं, म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. म्हणजे मोजणीतला नेमका एक बिट शून्याचा एक झाला होता. प्रोग्रॅममध्ये काही चूक सापडली नाही. एका बिटाची ताकद एवढी असते.

रॅम तपासायला मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम असतो. तो पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि विंडोज सुरू न करता थेट त्यावरून मशीन चालू करायचं. रॅमच्या प्रत्येक जागी तो ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. चार फेऱ्या होऊ द्यायच्या, रात्रभर. पन्नास चुका आल्या तर वाईट आणि दोन आल्या तर बरं, असं इथे नसतं. एकही चूक येता कामा नये. आमच्याकडे सकाळी तिसऱ्या फेरीत तीन चुका आलेल्या होत्या.

"मावशी, म्हणजे रॅम खराब! परत पाठवतो," असा लगेच फोन. मी म्हटलं, वहीत काय लिहिलंस? म्हणाला, "रॅम खराब." हे निरीक्षण की अनुमान? दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "अनुमान."

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांना आपण अ आणि ब म्हणू. त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवलेल्या होत्या. खराब काय, पट्टी की खाच? आता चार प्रयोग करायचे. अ पट्टी एकटी, दुसऱ्या खाचेत. अ एकटी, चौथ्या खाचेत. मग ब दुसऱ्या खाचेत, ब चौथ्या खाचेत. पट्टी खराब असेल तर ती जिथे जाईल तिथे चुका तिच्यामागे जातील. खाच खराब असेल तर चुका जागेवर राहतील आणि पट्टी कुठलीही चालेल.

दोन रात्री आणि दोन दिवस लागले. दुसऱ्या खाचेत अ स्वच्छ, ब स्वच्छ. चौथ्या खाचेत अ ला चुका, ब लाही चुका. रॅम निर्दोष सुटली. जिच्यावर दुकानदाराने पहिल्या दिवसापासून आरोप ठेवला होता, तीच.

याचा एक फायदा तिथेच झाला. चौथी खाच रिकामी ठेवायची आणि एकच पट्टी दुसऱ्या खाचेत वापरायची. रॅम निम्मी झाली, व्हिडिओ सावकाश तयार होऊ लागले, पण मशीन थिजेना. दहा दिवसांत त्याने दोन्ही लग्नांचं काम पूर्ण करून स्टुडिओला दिलं. बिघाड दुरुस्त झालेला नव्हता, पण कुठे आहे ते कळलं होतं, तेवढ्यावर पोट भरण्याचं काम सुरू झालं.

आता मी एका शनिवारी मिरजेला गेले, कारण उरलेला भाग फोनवर करण्यासारखा नव्हता. चौथ्या खाचेत चूक येते, तर बोर्डच खराब असं लगेच म्हणता येत नाही. त्या खाचेतून निघालेल्या तारा प्रोसेसरपर्यंत जातात. प्रोसेसर नीट टेकला नसेल, सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले असतील, तरी असं होऊ शकतं. आणि खरं सांगायचं तर इथेच घरात सगळ्यांचा श्वास अडकला होता. कारण यातलं काहीही निघालं असतं, तर ते जोडणाऱ्याच्या हातून झालेलं असतं. मेहुणे पेपर वाचत असल्यासारखे शेजारी बसले होते.

भाच्याने कूलर काढला, पेस्ट पुसली, प्रोसेसर उचलला. टॉर्च आणि बहिणीच्या शिवणकामाचं भिंग घेऊन आम्ही सॉकेटमधल्या पिनांच्या ओळी तिरप्या उजेडात बघितल्या. एकही वाकडी नव्हती. परत सगळं बसवलं, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. रात्रभर पुन्हा चाचणी. चौथ्या खाचेत पुन्हा चुका.

उरले दोन: बोर्ड किंवा प्रोसेसर. त्याच्या एका मित्राकडे त्याच प्रकारचं मशीन होतं. मित्राच्या आईने एकच अट घातली, रविवारी संध्याकाळपर्यंत आमचं मशीन होतं तसं उभं राहिलं पाहिजे. आमचा प्रोसेसर त्याच्या बोर्डावर गेला, दोन्ही पट्ट्या लावल्या, चार फेऱ्या. एकही चूक नाही. मित्राचं मशीन संध्याकाळी पाचला होतं तसं उभं होतं.

आता आम्हाला वाटत नव्हतं, आम्हाला माहीत होतं. बोर्ड.

दुकानात मी गेले नाही, तो एकटाच गेला. काउंटरवरच्या माणसाने सवयीने सांगितलं, फॉरमॅट मारून बघा. याने वाद घातला नाही. वहीवरून एक पान उतरवून नेलं होतं, ते पुढे केलं. त्यावर सहा ओळी होत्या: कोणती पट्टी, कोणती खाच, कोणता बोर्ड, किती फेऱ्या, किती चुका. ‘तुमचा बोर्ड खराब आहे’ हे वाक्य त्यात कुठेही नव्हतं. तो माणूस पान घेऊन आत तंत्रज्ञाकडे गेला. तंत्रज्ञाने बोर्ड ठेवून घेतला, त्यातली एकच ओळ स्वतः करून बघितली, आणि दोन दिवसांनी फोन आला की बदलून मिळेल. तीन वर्षांची वॉरंटी होतीच. नवा बोर्ड यायला तीन आठवडे लागले, पण भांडण झालं नाही. महिनाभर तीन दुकानं एकमेकांकडे बोट दाखवत होती, ते एका पानाने थांबलं. कारण त्या पानावर आरोप नव्हता, कोणीही पुन्हा करून बघू शकेल असा प्रयोग होता.

अजून एक पायरी राहिली, आणि ती बहुतेक लोक गाळतात. नवा बोर्ड बसवल्यावर मशीन झालं, असं कधी म्हणायचं? एक तास चाललं तर? पूर्वीसुद्धा ते कधी कधी चार तास चालायचंच. यासाठी एक सोपा हिशेब आहे. बिघाड सरासरी जितक्या तासांनी दिसत होता, त्याच्या तिप्पट वेळ न थिजता चालवून बघा. सहा तासांनी थिजत असेल तर अठरा तास. बिघाड तसाच असता आणि केव्हाही उद्भवणारा असता, तर केवळ नशिबाने इतका वेळ सुरळीत जाण्याची शक्यता शंभरात साधारण पाच उरते. आम्ही आणखी सावध राहिलो. साध्या वेगावर चोवीस तास, मग वाढीव वेगावर पुन्हा चोवीस तास. दोन्ही वेळा स्वच्छ. मग वहीत तारीख टाकून त्याने पहिल्यांदा अनुमानाच्या रकान्यात लिहिलं.

मेहुणे काही बोलले नाहीत. पण परवा बहिणीने सांगितलं, त्यांच्या विहिरीवरची मोटर मधूनच ट्रिप होते, आणि त्यांनी एक दोनशे पानी वही आणली आहे.

मंडळी, आपल्यापैकी कोणी शेती करतं, कोणी दवाखाना चालवतं, कोणी शाळेत शिकवतं. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये काहीतरी अडलं की पहिला प्रश्न ‘कोणामुळे’ हाच येतो. त्या प्रश्नाने एक तर पोरगं जेवायला बाहेर येत नाही, किंवा जो बोलण्यात हुशार तो सुटतो. त्याऐवजी चार ओळी लिहा. काय दिसलं, केव्हा दिसलं, त्याआधी काय एक बदललं होतं. दोष कुठे हे सापडलं की कोणाचा हा प्रश्न पुष्कळदा विचारावाच लागत नाही. आणि विचारावा लागलाच, तर त्याचं उत्तर आरडाओरडा न करता देता येतं.

शेवटी शाळेसाठी एक विनंती आणि एक वचन. आज सकाळी संगणक कक्ष बघितला. आपल्या वेळी त्या खोलीत नकाशे आणि पृथ्वीचा गोल असायचा. दाराबाहेर पाच-सहा बंद पडलेले कॉम्प्युटर भंगारात जाण्यासाठी रचून ठेवले आहेत. ते देऊ नका. त्यातले दोन आठवी-नववीच्या मुलामुलींना उघडायला द्या. प्लग काढून, एक स्क्रू ड्रायव्हर, एक पेन ड्राइव्ह आणि एक वही बरोबर द्या. सगळे सुरू होतील असं नाही, पण का होत नाहीत हे त्यांना लिहिता आलं पाहिजे. प्रत्येक सत्रात दोन शनिवार मी त्यासाठी येईन, हे मुख्याध्यापकांना सांगून झालं आहे आणि आता तुमच्यासमोरही सांगते, म्हणजे मला टाळता येणार नाही. पहिल्या शनिवारच्या वह्या माझ्याकडून.

सर, त्या वह्यांमध्ये निरीक्षण आणि अनुमान यांचे रकाने वेगळे आखलेले असतील.